साडेसातकी आणि अडीचकी

माझे धाकटे मामा १९६७ साली नोकरीसाठी अमेरिकेला गेले. दोन वर्षांनी मामी आणि दोन मुले गेली. मामींच्या पश्चात मामांची हिशेबाची वही माझ्याकडे आली. तिच्या पहिल्या बारा-पंधरा पानांवर डॉलरच्या प्रत्येक आकड्यापुढे रुपयांचा आकडा आहे, साडेसातने गुणून काढलेला. केस कापण्याच्या खर्चापुढे उद्गारचिन्ह आहे आणि ती नोंद नंतर कित्येक पाने दिसत नाही.

साडेसात का, तर ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४.७६ रुपयांचा डॉलर एका दिवसात ७.५० रुपयांचा झाला. त्याच्या आठच महिने आधी, ऑक्टोबर १९६५मध्ये, अमेरिकेने देशनिहाय कोटा रद्द करणारा स्थलांतर कायदा केला होता. आपल्याकडचे इंजिनिअर, डॉक्टर त्या वाटेने निघाले. परकीय चलनाची टंचाई इतकी, की बरोबर आठ डॉलर घेऊन उतरल्याची आठवण त्या पिढीतले कितीतरी लोक सांगतात.

गुणाकार इकडे आजोळीही चालू होता. मामांचा पगार वर्षाला साडेआठ हजार डॉलर. थोरल्या मामांनी तो गुणला. महिना पाच हजारांवर रुपये आले. त्या काळी आमच्या तालुक्यात एवढा पगार कोणाला होता! घराची डागडुजी निघाली होती आणि मामांकडून येणारी रक्कम या गुणाकाराला शोभणारी नव्हती. ‘तो तिकडे गेला आणि हात आखडला’ हे वाक्य मी लहानपणी इतक्यांदा ऐकले, की मला ते खरेच वाटत होते.

ते खरे होते का, हे तपासायचे तर त्या वर्षी तिथे चौघांचे घर चालवायला किती लागत होते, हे कळायला हवे. सुदैवाने ते लिहून ठेवलेले आहे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने १९६७च्या वसंतातल्या किमती धरून शहरी कुटुंबासाठी तीन पातळ्यांची वार्षिक अंदाजपत्रके काढली होती: ५,९१५, ९,०७६ आणि १३,०५० डॉलर. यात करही धरलेले होते. म्हणजे मामांचा पगार मधल्या अंदाजपत्रकाच्याही थोडा खालीच होता.

पण मला आकड्यांपेक्षा ते कुटुंब महत्त्वाचे वाटते. ३८ वर्षांचा कमावता नवरा, घर सांभाळणारी बायको, तेरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी. लग्नाला सुमारे पंधरा वर्षे झालेली, गावात स्थिरावलेले. खाटा, भांडी, कपडे असे बरेचसे घरात आहेच असे गृहीत. खर्च धरायचा तो झिजेल, फाटेल ते बदलण्याचा. आज परदेशी निघालेला माणूसही पुष्कळदा असेच कोष्टक पाहून हिशेब मांडतो. मामांच्या घरीही माणसे चारच. पण त्यांच्याकडे बदलायला मुळात काही नव्हतेच. चार गाद्या, चार जाड कोट, बर्फात घालायचे बूट, पातेली, भाड्याची अनामत, जुनी मोटार, विमानाच्या तिकिटांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते. आणि वहीत ‘घरी’ असा एक रकाना आहे, त्याला त्या सरकारी अंदाजपत्रकात जागाच नाही.

आजी पत्रातून तांदळाचा भाव विचारी. तिचा हिशेब चुलीपासून सुरू होत असे, आणि तो चूक नव्हता. घर जितके गरीब तितका खर्चातला अन्नाचा वाटा मोठा, हे अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७मध्येच दाखवले होते. मात्र मामांना पेलवत नव्हते ते घरभाडे, विमा आणि माणसाच्या हाताने होणारे प्रत्येक काम. धुणेभांडी, इस्त्री, दाढी, पंक्चर ही आपल्याकडची स्वस्ताई गलबतात भरून पाठवता येत नाही, म्हणून विनिमयाच्या दरात ती फारशी उमटत नाही.

ही गोष्ट मापून दाखवणारा मोठा अभ्यास क्रेव्हिस, हेस्टन, समर्स आणि सहकाऱ्यांनी १९७५मध्ये प्रसिद्ध केला. दहा देशांत भारत होता, आकडे १९७० सालचे. विनिमय दराने भारताचे दरडोई उत्पन्न अमेरिकेच्या जेमतेम दोन टक्के भरत होते. तेच प्रत्यक्ष खरेदीच्या मापाने तिपटीहून अधिक भरले. म्हणजे डॉलरला साडेसात हा बँकेतला भाव. घरखर्चाला तो ढोबळमानाने अडीचच्या आसपास धरायला हवा होता. जुन्या शाळेत पावकी, निमकी, दिडकीबरोबर अडीचकीही घोकून घेत. थोरल्या मामांना ती तोंडपाठ होती. तिने गुणले असते तर पाच हजारांचे सुमारे पावणेअठराशे झाले असते. पगार म्हणून चांगलाच, पण गावात बोलबाला व्हावा असा नव्हे.

सरासरीने एका घराचा न्याय होत नाही, हे मला कळते. मामा काटकसरी होते, थोडे चिक्कूही असतील. पण मी ‘घरी’चा रकाना महिन्यामहिन्याने उतरवून काढला. पहिल्या दोन वर्षांत एकही महिना चुकलेला नाही आणि या रकमा मामांनी कधीच रुपयांत करून पाहिलेल्या दिसत नाहीत. रकाना पहिल्यांदा कोरा आहे तो सप्टेंबर १९६९मध्ये. त्या पानावर गाद्या, कोट आणि मुलांचे बूट आहेत. थोरल्या मामांचे शेवटचे पत्र वहीतच ठेवलेले सापडले, ते त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातले आहे.