चालकाचा उजवा हात आणि विदर्भाचे ऊन

विदर्भातील माणूस उन्हाळ्यात डोके आणि कान झाकल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. दुपट्टा, शेला, टोपी किंवा रुमाल यांपैकी काही ना काही त्याच्याजवळ असतेच. वाहनाच्या चक्राशी बसल्यावर मात्र हीच सावधगिरी सुटते. डोक्यावर टप असतो, समोर काच असते, त्यामुळे आपण सावलीत आहोत असे चालकाला वाटते. प्रत्यक्षात त्याचा उजवा हात, विशेषतः कोपरापासून बोटांपर्यंतचा भाग, तासन् तास उन्हात असतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील झरी जामणी तालुक्यात हा प्रश्न ठळकपणे दिसतो. दक्षिणेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा, शेजारी वणीचा कोळसापट्टा आणि तालुक्यातच मुकुटबन परिसरातील चुनखडी, कोळसा व सिमेंटचा उद्योग. त्यामुळे या भागातील रस्त्यांवर मालमोटारी, टिप्पर, एसटी गाड्या, काळी-पिवळी आणि कापसाचे ट्रॅक्टर यांची वर्दळ असते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे येथे नवलाचे नाही.

उजवाच हात का?

भारतात वाहनाचे चक्र उजव्या बाजूला असते. साहजिकच चालकाच्या उजव्या हाताला व उजव्या गालाला खिडकी लागून असते. त्यात रस्त्याची दिशाही महत्त्वाची ठरते. वणीहून मुकुटबनकडे जाणारा चालक साधारणतः दक्षिणेकडे जात असतो, म्हणजे त्याची उजवी बाजू पश्चिमेला येते. दुपारनंतर हा प्रवास केल्यास कलते ऊन थेट त्याच्या हातावर पडते. उलट दिशेने सकाळी येताना उजवी बाजू पूर्वेला असते आणि तेव्हाही तोच हात उन्हात येतो. शेजारच्या केळापूर तालुक्यातून जाणाऱ्या नागपूर-आदिलाबाद राष्ट्रीय महामार्गालाही हेच गणित लागू पडते. सकाळी दक्षिणेकडे आणि दुपारनंतर उत्तरेकडे अशी फेरी आखता आली, तर उजव्या हातावरचे ऊन बरेच कमी होते. ट्रॅक्टर व दुचाकीच्या चालकांना मात्र ही सवलत नाही. त्यांचे दोन्ही हात आणि पंजांची मागची बाजू सर्व दिशांनी उघडी असते.

काच काय अडवते?

सूर्याच्या अतिनील किरणांपैकी दोन प्रकार जमिनीपर्यंत पोहोचतात. ‘ब’ प्रकारचे किरण त्वचा भाजतात. ‘अ’ प्रकारचे किरण भाजत नाहीत, पण त्वचेत अधिक खोल शिरतात. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा या ‘अ’ किरणांचा असतो.

वाहनाची समोरची काच दोन थरांची असते आणि मध्ये प्लॅस्टिकचा पारदर्शक पापुद्रा असतो. ही काच दोन्ही प्रकारचे बहुतेक किरण रोखते. बाजूच्या खिडकीची काच सामान्यतः एकाच थराची असते. ती ‘ब’ किरण अडवते, परंतु ‘अ’ किरणांचा बराच भाग आत सोडते. अमेरिकेत २९ मोटारींची तपासणी करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात समोरच्या काचेने सरासरी ९६ टक्के ‘अ’ किरण रोखल्याचे आढळले. बाजूच्या काचेची सरासरी ७१ टक्के होती आणि ती वाहनागणिक ४४ ते ९६ टक्क्यांपर्यंत बदलत होती.

यातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. खिडकी उघडी असेल तर हाताला कोणतेच संरक्षण नाही. खिडकी बंद असेल तर ते अर्धवट आहे आणि त्वचा लाल होत नसल्याने ते पूर्ण असल्याचा भास होतो. शिवाय ‘ड’ जीवनसत्त्व ‘ब’ किरणांमुळे तयार होते. त्यामुळे बंद काचेआड ऊन खाण्याचा तो लाभही मिळत नाही.

त्वचेवर होणारे परिणाम

वर्षानुवर्षे एकाच बाजूने ऊन लागल्यास काय होते, याचे बोलके उदाहरण २०१२ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापले. अमेरिकेत २८ वर्षे मालवाहू गाडी चालवलेल्या ६९ वर्षांच्या गृहस्थाच्या चेहऱ्याची डावी, म्हणजे तेथील खिडकीकडची बाजू उजवीपेक्षा कितीतरी जाड आणि सुरकुतलेली झाली होती. भारताप्रमाणे रस्त्याच्या डावीकडून वाहने चालवणाऱ्या ऑस्ट्रेलियात १९८६ मध्ये झालेल्या पाहणीत, उन्हामुळे येणारे खरखरीत चट्टे पुरुषांच्या उजव्या बाजूला अधिक दिसले होते.

भारतीय त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने तिला नैसर्गिक संरक्षण मिळते आणि त्वचेचा कर्करोग आपल्याकडे तुलनेने विरळ आहे. तथापि हे संरक्षण अपुरे असते. हात काळवंडणे, डाग पडणे, त्वचा जाड व कोरडी होणे हे परिणाम सावळ्या त्वचेवरही होतात. उन्हाची ॲलर्जी म्हणून ओळखले जाणारे खाजरे पुरळ हाताच्या बाहेरच्या बाजूला हमखास उठते.

मात्र हातावरचे प्रत्येक पुरळ उन्हानेच आलेले नसते. रस्त्याच्या कडेला माजलेल्या गाजरगवतामुळेही उघड्या भागावर तीव्र त्वचादाह होतो आणि उन्हाने तो बळावतो. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके, रक्तदाबासाठी दिले जाणारे हायड्रोक्लोरोथायाझाइड आणि काही वेदनाशामके यांमुळे त्वचा उन्हाला अधिक संवेदनशील बनते. अशा वेळी औषध परस्पर बंद न करता, आपला व्यवसाय वाहन चालवण्याचा आहे हे डॉक्टरांना सांगावे.

गारवा म्हणजे सुरक्षितता नव्हे

उष्णता आणि अतिनील किरण या वेगळ्या गोष्टी आहेत. झरी जामणीच्या अक्षांशावर मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या उत्तरार्धात तो पुन्हा तेथे येतो. जुलैत हवा गार असते, पण किरणांची तीव्रता ओसरलेली नसते. विरळ ढगांतून तर ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खाली येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अतिनील निर्देशांक ३ किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा संरक्षण आवश्यक असते. आपल्याकडे हिवाळ्यातील स्वच्छ दुपारीही तो ही पातळी ओलांडतो. म्हणून हात झाकण्याची सवय चैत्र-वैशाखापुरती असून चालत नाही.

सर्वांत खात्रीचा उपाय : बाही

मनगटापर्यंत येणारी सैल सुती बाही हा सर्वांत स्वस्त आणि भरवशाचा उपाय होय. पूर्ण बाहीने अधिक उकडेल, ही शंका स्वाभाविक आहे. परंतु त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते आणि खिडकीतून येणारा वारा ४२-४५ अंशांचा. असा वारा कोरड्या त्वचेला थंड करत नाही, उलट तापवतो. गारवा मिळतो तो घाम वाळल्यामुळे. सैल कापड ऊन व झळ थोपवते आणि घाम टिपून त्याला सावकाश वाळू देते. शेतकरी अंगभर कपडे घालून उन्हात राबतो, त्यामागे हेच शास्त्र आहे.

कापड निवडताना ते उजेडासमोर धरून पाहावे. पलीकडचे स्पष्ट दिसत असेल तर त्यातून किरणही जातील. घट्ट विणीचे आणि गडद रंगाचे कापड अधिक किरण रोखते. पातळ पांढरे सुती कापड कमी रोखते, आणि ओले झाल्यावर त्याहूनही कमी. बाजारात मिळणाऱ्या ताणाच्या तयार बाह्या सोयीच्या असतात. अर्ध्या बाहीचा गणवेश असणाऱ्यांना त्या विशेष उपयोगी पडतात. त्यांवर ‘यूपीएफ ५०’ असा निर्देश असल्यास जेमतेम २ टक्के किरण आत येतात, असा त्याचा अर्थ. पंजाची मागची बाजू झाकणारी बाही घ्यावी, मात्र तळवा मोकळा ठेवावा, म्हणजे चक्रावरची पकड सैल होत नाही.

मलमाची मर्यादा

सनस्क्रीन हा बाहीला पर्याय नसून पूरक उपाय आहे. एसपीएफ १५ चे मलम सुमारे ९३ टक्के, ३० चे ९७ टक्के आणि ५० चे ९८ टक्के ‘ब’ किरण अडवते. चालकाला ‘अ’ किरणांचा त्रास अधिक असल्याने वेष्टनावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ हे शब्द पाहूनच मलम घ्यावे. एका संपूर्ण हाताला छोटा चमचाभर मलम लागते आणि दर दोन तासांनी ते पुन्हा लावावे लागते. दिवसभर घाम गाळणाऱ्या आणि खेपांवर कमाई अवलंबून असणाऱ्या चालकाला हा खर्च व खटाटोप पेलणे अवघड आहे. पंजा, मान आणि गाल यांपुरते मलम वापरणे अधिक व्यवहार्य ठरते.

काळी काच आणि कायदा

खिडकीला काळी फिल्म लावण्याचा मोह अनेकांना होतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार समोरच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार व्हायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काचांवर फिल्म चिकटवण्यास मनाई केली. त्यानंतर नियमांत बदल झाले आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये प्रकाशाची मर्यादा पाळणाऱ्या प्रमाणित फिल्मला मुभा दिली. ही मर्यादा मात्र कायम आहे. मुळात अतिनील किरण रोखण्यासाठी काच काळी असावी लागत नाही. समोरची पारदर्शक काच हे काम रोज करतेच. रात्री काळ्या काचेतून पादचारी आणि बैलगाडी उशिरा दिसते, हा धोका त्याहून मोठा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या मध्यम व अवजड ट्रकच्या चालक-कक्षात वातानुकूलन सक्तीचे झाले आहे. त्यामुळे नव्या गाड्यांत काचा बंद राहतील व ‘ब’ किरण टळतील. रस्त्यावरील जुन्या गाड्यांच्या चालकांसाठी मात्र बाहीच खरी.

कोपर आत ठेवा

खिडकीवर कोपर टेकवून वाहन हाकण्याची सवय दुहेरी घातक आहे. अशा कोपराला समोरून येणाऱ्या वाहनाचा निसटता धक्का बसून होणारी गंभीर मोडतोड अस्थिशल्यचिकित्सकांना चांगलीच परिचित आहे. भारतात चालकाची बाजू समोरच्या वाहतुकीकडेच असते आणि ग्रामीण भागातील दुपदरी रस्त्यावर दोन अवजड गाड्यांमधील अंतर वीतभरही उरत नाही. कोपर आत घेतल्याने ऊनही कमी लागते आणि हातही वाचतो.

हातावरील डाग वाढत असेल, त्याच्या कडा बदलत असतील, त्यातून रक्त येत असेल किंवा महिनाभरात जखम भरत नसेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. गाडीमालक, कंत्राटदार व कारखानदारांनी चालकांना वर्षाला पूर्ण बाहीचे दोन सदरे दिले आणि दुपारच्या खेपा शक्य तेथे सकाळकडे वळवल्या, तर तो खर्च डिझेलच्या एका टाकीपेक्षाही कमी असेल. ज्या हातावर सगळी वाहतूक चालते, त्या हातासाठी एवढी तजवीज मोठी नाही.