नगरच्या उपासनेंतील प्रार्थना

अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें अमेरिकन मराठी मिशनचें कार्य १८३१ सालीं सुरू झालें. त्या काळच्या उपासनेंत उपदेशाला मोठें स्थान असे आणि पुष्कळ गीतें विलायती चालींवर बसविलेलीं असत. मंडळी तीं श्रद्धेनें म्हणत. परंतु ओवी-अभंगांवर वाढलेल्या माणसाला आपली याचना त्या चालींतून मांडणें कठीणच जाई.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं हरिदासी कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती कथेस लाविली. पुढें १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक नगरास आले. तुकोबांच्या भक्तिमार्गानेंच आपण ख्रिस्तचरणीं पोहोंचलों, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या गीतांत भक्त ख्रिस्ताला आई आणि गुरु या नात्यांनीं हांक मारतो. साहजिकच गायन हीच प्रार्थना झाली, आणि ती व्यासपीठावरून उतरून सर्वांच्या मुखीं आली.

टिळक १९१९ सालीं निवर्तले. ‘उपासना संगीत’ या ग्रंथांत त्यांचीं शंभरांहून अधिक गीतें आहेत. उपासनेंत प्रार्थना वाढवूं पाहणारानें घड्याळाआधीं मंडळीची भाषा पाहावी, हाच नगरच्या या इतिहासाचा बोध होय.