लय कोणाची – मज्जातंतूंची, स्नायूंची की अन्य पेशींची? : हृदय व आतडे यांच्या विद्युत्-संशोधनाचा एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

शरीराबाहेर काढलेले बेडकाचे हृदय काही काळ धडधडत राहते, ही गोष्ट शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असते. आतड्याचा तुकडाही योग्य द्रावणात टांगून ठेवल्यास आपल्या लयीत आकुंचन पावत राहतो. ही लय कोठे निर्माण होते, या प्रश्नावर हृदयाच्या बाबतीत पाऊणशे वर्षे व आतड्याच्या बाबतीत सुमारे शंभर वर्षे वाद झाला. हे दोन्ही वाद सहसा स्वतंत्रपणे सांगितले जातात. वस्तुतः तो एकच प्रश्न होता आणि एका टप्प्यावर एकाच व्यक्तीने तो दोन्ही ठिकाणी मांडला होता. प्रस्तुत लेखात या दुहेरी वादाचा मागोवा घेतला आहे.

हृदयाचा वाद

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेमाक, लुडविग व बिडर यांनी बेडकाच्या हृदयात चेतापेशींचे पुंजके दाखवून दिले. स्टॅनियस यांनी १८५२ मध्ये शिराकोटर व कर्णिका यांच्या सीमेवर दोरा आवळला, तेव्हा शिराकोटर धडधडत राहिले. पुढचे हृदय मात्र थांबले. चेतापेशी जेथे आहेत तेथून लय येते, हा निष्कर्ष त्यातून सहज निघत होता. ठोक्याला विजेची जोड असते हेही लवकरच सिद्ध झाले. क्योलिकर व म्युलर यांनी १८५६ मध्ये बेडकाच्या पायाचा मज्जातंतू धडधडत्या हृदयावर ठेवला. प्रत्येक ठोक्याबरोबर पायाचा स्नायू उडू लागला. विद्युत्-मापक यंत्रे पुरेशी संवेदनक्षम नसताना एका स्नायूने दुसऱ्याची वीज मोजावी, हा प्रयोग आजही थक्क करणारा आहे.

केंब्रिजचे वॉल्टर गॅस्केल यांनी १८८० च्या दशकात कासवाच्या हृदयावर केलेल्या कामाने मज्जातंतूंच्या बाजूस पहिला मोठा धक्का दिला. कासवाचे हृदय मंद गतीने चालते, त्यामुळे उत्तेजनाचा प्रवास डोळ्यांनी पाहता येतो. चेतापेशीविरहित जवनिकेची पट्टी कापून वेगळी केली तरी काही वेळाने ती आपल्या लयीत आकुंचन पावू लागते. तसेच स्नायूचा पूल अरुंद करीत नेला असता काही ठोके पलीकडे पोचतात व काही अडतात, हे त्यांनी दाखविले. या अडण्यासाठी त्यांनी योजलेली ‘ब्लॉक’ ही संज्ञा आजही रुग्णालयांत रूढ आहे. पुढे धाकट्या विल्हेल्म हिस यांनी भ्रूणाचे हृदय मज्जातंतू तेथे पोचण्यापूर्वीच धडधडू लागते, याकडे लक्ष वेधले व १८९३ मध्ये कर्णिका-जवनिकांना जोडणारा स्नायूपुंज वर्णिला.

येथे मज्जातंतूवादी केवळ हट्टी होते असे समजणे अन्यायाचे ठरेल. अँटन कार्लसन यांनी १९०४ मध्ये ‘लिम्युलस’ या नालखेकड्याच्या हृदयावरील चेतापेशींची दोरी काढून टाकली आणि हृदय थांबले. त्या प्राण्यापुरते मज्जातंतूवाद्यांचे म्हणणे खरेच होते, व आजही ते खरे मानले जाते. चूक झाली ती एका प्राण्यावरून सर्व प्राण्यांविषयी बोलण्यात.

निर्णायक पुरावा शरीररचनाशास्त्रातून आला. जपानहून मारबुर्ग येथे आशॉफ यांच्याकडे आलेल्या सुनाओ तवारा यांनी १९०६ मध्ये कर्णिका व जवनिका यांच्या सीमेवरील गाठ, हिस यांचा पुंज व पुर्किन्ये यांनी पूर्वी पाहिलेले तंतू ही एकाच वहनसंस्थेची अंगे असल्याचे सिद्ध केले. १९०७ मध्ये आर्थर कीथ व त्यांचा तरुण विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी ‘सायनस नोड’चे वर्णन प्रसिद्ध केले, ही रचना फ्लॅक यांच्या नजरेस प्रथम पडली ती चिचुंद्रीसारख्या बिळात राहणाऱ्या ‘मोल’ या प्राण्याच्या हृदयात. आइंटहोव्हेन यांच्या तार-गॅल्व्हनोमीटरच्या साहाय्याने थॉमस लुईस यांनी १९१० मध्ये विद्युत्-क्रिया सर्वप्रथम याच नोडमध्ये सुरू होते, असे दाखविले. कशेरुकी हृदयाचा वाद येथे मिटला.

आतड्याकडे दुर्लक्ष

१९१५ मध्ये कीथ यांनी हीच कल्पना आतड्याकडे नेली. हृदयातील नोडसारखी ऊती आतड्याच्या भित्तीतही असून तीच लय देत असावी, असे त्यांनी मांडले. पण त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. सान फ्रान्सिस्को येथील वॉल्टर अल्व्हारेझ यांनी १९२२ मध्ये पोटाची भित्ती अत्यंत पातळ झालेल्या एका वृद्धेच्या त्वचेवरून जठराच्या विद्युत्-लहरी नोंदविल्या. मिनिटाला तीन हे त्यांनी नोंदविलेले प्रमाण आजही प्रमाणभूत आहे. तथापि हृदयाच्या आलेखाचे जे झाले ते या आलेखाचे झाले नाही. जठराच्या लहरी दुर्बल व मंद असतात. आणि शिवाय जठराची लय बिघडली म्हणून कोणी क्षणार्धात कोसळत नाही. संशोधनाची दिशा ठरविण्यात या दुसऱ्या कारणाचा वाटा पहिल्याहून कमी नसावा.

खरी अडचण मात्र एका मोठ्या नावाची होती. सांतियागो रामोन इ काहाल यांनी आतड्याच्या भित्तीत मज्जातंतूंच्या जाळ्यालगत असणाऱ्या शाखायुक्त पेशी वर्णिल्या होत्या व त्यांना आदिम स्वरूपाच्या चेतापेशी मानले होते. चेतापेशी रंगविणाऱ्या रंजनपद्धतींनी या पेशीही रंगत. काहाल यांच्यासारख्या अधिकारी पुरुषाचे मत असल्याने आतड्यातील नोडचा शोध घेणाऱ्यांची नजर नेमक्या त्याच पेशींवरून पुढे सरकत राहिली.

सूक्ष्म विद्युत्-अग्रांचे युग

लिंग व जेरार्ड यांनी १९४९ मध्ये अर्ध्या मायक्रॉनहून बारीक टोकाचे काचेचे विद्युत्-अग्र तयार केल्यावर एकेका पेशीचा विभव मोजता येऊ लागला. ड्रेपर व वाइडमान यांनी १९५१ मध्ये पुर्किन्ये तंतूंचा स्थिर विभव सुमारे उणे ९० मिलिव्होल्ट असल्याचे दाखविले. डेनिस नोबल यांनी हॉजकिन-हक्सले यांची समीकरणे हृदयास लावून १९६० मध्ये संगणकावर ठोका निर्माण केला; लंडन विद्यापीठाचा ‘मर्क्युरी’ संगणक त्यांना रात्री दोन ते चार या वेळेत मिळत असे. कॅल्शियमचा प्रवाह तेव्हा ज्ञातच नव्हता, तरीही आलेख जुळला. लय पोटॅशियमचा प्रवाह ओसरल्यामुळे निर्माण होते, हे त्यानंतरच्या दोन दशकांचे स्पष्टीकरणही १९८१ मध्ये दी फ्रान्चेस्को यांनी उलटविले : तो पेशीच्या आत येणारा, ‘विचित्र’ असे नाव पडलेला प्रवाह होता. आलेख जुळणे हा स्पष्टीकरणाचा पुरावा नव्हे, याचे इतके स्वच्छ उदाहरण विरळाच.

अरेखित स्नायूंकडे वळण्यास धैर्य लागत असे. या पेशी काही मायक्रॉन जाडीच्या असतात व आकुंचन होताच अग्र निसटते. बॉन येथे जन्मलेल्या व १९३३ मध्ये जर्मनी सोडावी लागलेल्या एडिथ ब्युलब्रिंग यांनी ऑक्सफर्ड येथे १९५४ मध्ये गिनिपिगच्या बृहदांत्रातील स्नायूपट्टीच्या पेशींचे विभव नोंदविले. स्थिर विभव हृदयापेक्षा बराच कमी होता व स्नायू ताणला असता विद्युत्-स्पंदांची वारंवारता वाढत होती. हिरोसी कुरियामा यांच्यासह त्यांनी १९६३ मध्ये या स्पंदांमध्ये सोडियमपेक्षा कॅल्शियमचे महत्त्व दाखविले. कुरियामा पुढे फुकुओका येथील क्यूशू विद्यापीठात प्राध्यापक झाले. तवारा यांनीही मायदेशी परतल्यावर फुकुओका येथेच अध्यापन केले होते.

या कामानंतर आतड्याची मंद लहर स्नायूंचीच, असे मत दृढ झाले. हृदयात स्नायूपक्ष जिंकला होता, म्हणून आतड्यातही तोच जिंकेल असे वाटणे स्वाभाविक होते. पण ते बरोबर नव्हते.

तिसरी पेशी

डेन्मार्कचे लार्स थुनेबर्ग यांनी १९८२ मध्ये काहाल यांच्या पेशीच आतड्याच्या गतिनियामक असाव्यात, हा प्रश्न स्पष्टपणे मांडला. उत्तर अनपेक्षित दिशेने आले. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी नवजात उंदरांमध्ये ‘किट’ या प्रथिनास प्रतिपिंडाने अडविले, तेव्हा आतड्याची लयबद्ध हालचाल बिघडली. नंतर किट-जनुकात दोष असलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात मज्जातंतूंच्या जाळ्यालगतच्या काहाल-पेशी आढळल्या नाहीत व मंद लहरीही आढळल्या नाहीत. वॉर्ड, सँडर्स व सहकारी (१९९४) आणि हाउझिंगा व सहकारी (१९९५) यांनी हे स्वतंत्रपणे सिद्ध केले. स्नायू जागेवर होते, मज्जातंतूही जागेवर होते. लय मात्र नव्हती. या पेशी चेतापेशी नसून अरेखित स्नायूंशी उगमाचे नाते असलेल्या आहेत, हेही याच दशकात स्पष्ट झाले.

१९९८ मध्ये हिरोता व सहकाऱ्यांनी जठर-आतड्यातील एका प्रकारच्या अर्बुदात किट-जनुकाचे उत्परिवर्तन दाखविले. ही अर्बुदे पूर्वी स्नायूंची समजली जात. ती काहाल-पेशींशी संबंधित असल्याचे दिसून आले व २००२ मध्ये अमेरिकेत त्यांच्यासाठी इमॅटिनिब या औषधास मान्यता मिळाली. त्यांच्या निदानासाठी विकृतिशास्त्रज्ञ २००४ पासून ‘डॉग-१’ नावाचे आणखी एक प्रथिन वापरू लागले. त्याचे कार्य तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. २००८ मध्ये ते क्लोराइड आयनांचे द्वार असल्याचे निष्पन्न झाले, आणि २००९ मध्ये असे दिसून आले की हे प्रथिन नसलेल्या उंदरांच्या आतड्यात मंद लहरी उमटतच नाहीत.