डोकं आपटणारा सैनिक आणि माझं हेल्मेट

मंडळी, १९७७ चा पहिला 'स्टार वॉर्स' आठवतोय? पांढऱ्या चिलखतातले स्टॉर्मट्रूपर एका खोलीत घुसतात आणि त्यातल्या एकाचं डोकं दारावर आपटतं. लहानपणी जाम हसलो होतो. गेल्या शनिवारी तसंच हेल्मेट स्वतः बनवलं, घातलं आणि स्वयंपाकघराच्या चौकटीवर... असो. हसू नका!

कॅमेऱ्यासमोरच्या हेल्मेटला फक्त दिसायचं काम होतं. सैनिकांचा खरखरीत आवाज नंतर ध्वनिमुद्रणात बसवला. आपल्याला मात्र तासभर ते घालून फिरायचं असतं. म्हणून माझ्यात माइक, छोटा अँप्लिफायर, स्पीकर आणि काचेवर वाफ धरू नये म्हणून दोन पंखे आहेत. थोडक्यात, नकलेला अस्सलपेक्षा जास्त काम!

आता थोडा इतिहास. राल्फ मॅक्वारीने चित्रं काढली. निक पेंबर्टनने त्यावरून मातीचा नमुना घडवला. १९७६ मध्ये लंडनच्या ट्विकनहॅम भागात अँड्र्यू एन्सवर्थने त्यावरून साचे केले. प्लॅस्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर टाकायचा आणि खालून हवा खेचून घ्यायची. अशी ५० हेल्मेटं झाली.

२००४ मध्ये एन्सवर्थ जुन्या साच्यांवरून हेल्मेटं विकू लागला आणि लुकासफिल्मने त्याला कोर्टात खेचलं. प्रकरण ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. २०११ चा निकाल गमतीदार आहे. कोर्ट म्हणालं, हेल्मेट हे शिल्प नाही, सिनेमा बनवण्याच्या कामातली एक उपयोगाची वस्तू आहे. म्हणजे ब्रिटनमध्ये शिल्पाचा कॉपीराइट नाही. पण अमेरिकेतल्या हक्कांचा दावा ब्रिटनच्या कोर्टात चालू शकतो, हेही त्यांनी सांगितलं. अर्धं इकडे, अर्धं तिकडे!

माझ्यासारख्यांचं नशीब मात्र कोर्टाबाहेर उघडलं. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो आलं आणि त्याच वर्षी इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयरने रेपरॅप प्रकल्प सुरू केला: स्वतःचेच भाग छापणारा प्रिंटर. २००९ मध्ये प्लॅस्टिकचा धागा वितळवून थर रचण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट संपलं आणि प्रिंटर कारखान्यातून घराच्या टेबलावर आला.

मी काय केलं? कुणीतरी बनवलेली फाइल उतरवली, तुकडे छापले, चिकटवले, पुट्टी भरून पॉलिश पेपरने चार रविवार घासत बसलो.

परवा शेजारचा छोटू विचारत होता, "दादा, हे तू बनवलंस?" 'हो' म्हणताना जीभ अडखळली. मॅक्वारी, पेंबर्टन, एन्सवर्थ, फाइलवाला अनोळखी माणूस... यात माझं किती? शेवटी म्हणालो, "जोडलं मी. आत बोलणारा आवाज माझा."

एका मित्राने दोन विकत मागितलीत. नाही म्हटलं. शिकवीन म्हणालो, घासायची तयारी असेल तर रविवारी ये!