स्वस्त देशांचा तक्ता

आमच्या घरच्या कॉम्प्युटरवर 'पन्नाशी' नावाची एक एक्सेल फाईल आहे. २००९ साली बनवलेली. तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो आणि पन्नासाव्या वर्षी नोकरीला रामराम ठोकून एखाद्या स्वस्त देशात जाऊन राहायचं असं ठरवून बसलो होतो. उभ्या रकान्यांत घरभाडं, भाजीपाला, डॉक्टर, हवामान. आडव्या ओळींत मलेशिया, थायलंड, पनामा, कोस्टा रिका. मलेशियाची ओळ मी हिरव्या रंगात रंगवली होती. पेनांगला समुद्राजवळ घर, आणि बँकेत दाखवायच्या ठेवीसाठी इथला फ्लॅट विकायचा. दादा तेव्हाही हसला होता. (दादा, आत्ताही हसतोयस हे मला माहीत आहे.)

आता बावन्न पूर्ण झाली. नोकरी अजून सुटलेली नाही, पण यंदा सोडायचीच म्हणून फाईल परत उघडली आणि आकडे ताजे करायला बसलो. बसलो होतो हिशेबाला, पण रमलो इतिहासात!

ही कल्पना माझ्या पिढीची नाही, चांगली दोनशे वर्षं जुनी आहे. १८१५ साली वॉटर्लूची लढाई संपली आणि ब्रिटिश सैन्यातल्या कितीतरी अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर घरी बसवलं गेलं. तेवढ्यात इंग्लंडमध्ये इभ्रतीनं राहणं जमेना. मग ही मंडळी खाडी ओलांडून कॅले, बुलोन, ब्रूज अशा गावांत जाऊन राहिली, कारण तिथे तेवढ्याच पौंडांत भागायचं. लंडनचा प्रसिद्ध छानछोकीवाला बो ब्रमेल १८१६ साली कर्ज बुडवून कॅलेला पळाला तो याच वाटेनं. पण स्वस्त गावातही त्यानं उधारी केलीच. १८३५ मध्ये काँ गावी त्याला कर्जापायी तुरुंगात जावं लागलं आणि १८४० मध्ये तो तिथल्याच वेड्यांच्या इस्पितळात वारला. म्हणजे गाव स्वस्त असलं तरी माणूस तोच राहतो!

विसाव्या शतकात देशच आमंत्रणं द्यायला लागले. कोस्टा रिकानं १९६४ साली परदेशी पेन्शनरांसाठी खास कायदा केला. पेन्शन घेऊन या, घरसामान आणि गाडी जकातीशिवाय आणा. डॉलर हवे होते ना! पुढे १९९२ मध्ये या सवलती काढून घेतल्या. गाडीच्या आशेनं आलेल्यांनी कुरकुर केली असणार, पण पाहुण्याच्या कुरकुरीला कोण विचारतो?

जपानची गोष्ट तर आणखी मजेशीर. १९८५ नंतर येन एकदम वधारला. १९८६ साली तिथल्या व्यापार-उद्योग खात्यानं 'सिल्व्हर कोलंबिया' नावाची योजना मांडली: निवृत्तांसाठी स्पेनसारख्या परदेशांत वसाहती उभ्या करायच्या. त्यावर टीका झाली की मोटारींपाठोपाठ आता म्हाताऱ्यांचीही निर्यात करणार का? शेवटी वसाहतींचा बेत मागे पडला आणि काही महिने राहून परत यायच्या 'लाँग स्टे'ची टूम निघाली.

आणि आता माझी हिरवी ओळ. मलेशियानं १९९६ मध्ये पन्नाशीपुढच्या परदेशी लोकांसाठी 'सिल्व्हर हेअर' योजना काढली आणि २००२ मध्ये तिचं 'मलेशिया माय सेकंड होम' असं बारसं केलं. दहा वर्षांचा परवाना, पुढे नूतनीकरण. मी तक्ता केला तेव्हा महिना १०,००० रिंगिट उत्पन्न दाखवावं लागे. रिंगिट होता १३-१४ रुपयांचा. म्हणजे महिना एक लाख पस्तीस-चाळीस हजार. पन्नाशीपर्यंत जमेल असं वाटलं होतं.

२०२० मध्ये योजना थांबवली. २०२१ मध्ये नवे नियम आले: महिना ४०,००० रिंगिट, दहा लाख रिंगिटची ठेव, आणि परवाना दहाऐवजी पाच वर्षांचा. म्हणजे तेव्हाच्या दरानं महिना सात लाख रुपये! हे नियम आधीपासून राहणाऱ्यांनाही लावणार असं प्रथम जाहीर झालं. ओरड झाल्यावर त्यांना आर्थिक अटींतून सूट मिळाली. २०२४ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि ठेवीची रक्कम डॉलरमध्ये मागायला सुरुवात झाली, सर्वसाधारण गटात कमीत कमी दीड लाख डॉलर. त्या वर्षअखेर रिंगिट १९ रुपयांवर गेला होता.

मी हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "आणि समजा फ्लॅट विकून गेलो, आणि पासष्टाव्या वर्षी ते म्हणाले निघा, तर आपण जायचं कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

तेव्हा आजोबा आठवले. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ते पुण्यात आले. तेव्हा पुणं पेन्शनरांचंच होतं: हवा बरी, पाणी बरं, भाडं परवडणारं. पुढे गाव महाग झालं, पण आजोबांची दोन खोल्यांची जागा भाडे नियंत्रण कायद्यामुळे जुन्याच भाड्यावर राहिली. घरमालक जिन्यात भेटले की तोंड फिरवायचे. त्यांचंही चूक नव्हतं, आजोबांची स्वस्ताई त्यांच्याच खिशातून जात होती. पण आजोबांकडे परवाना, ठेव, उत्पन्नाचा दाखला कुणी मागितला नाही. स्वस्ताई गेली तरी ते राहिले, आणि गेले तेही त्याच खोलीतून.

परदेशातल्या निवृत्ताचं नेमकं उलटं असतं. स्वस्ताई यजमानाची आणि मुक्कामही यजमानाच्या मर्जीवर. यात यजमानाला दोष देता येणार नाही. त्याला डॉलर हवे होते तोवर त्यानं बोलावलं, गरज बदलली तशा अटी बदलल्या. आपणही आपल्याकडे तेच केलं असतं.

काल रात्री तक्त्यात एक नवा रकाना टाकला: 'कुणाच्या मर्जीवर?' आणि तळाला एक ओळ वाढवली: पुणे. महागाईच्या रकान्यात ती सपशेल नापास झाली. तरी हिरवा रंग तिलाच दिला.

पेनांगला जाऊच, दोन-तीन महिने, पाहुण्यासारखे. फ्लॅट मात्र विकायचा नाही.