शिवरात्र ते होळी : एका अनामिक ऋतूचा इतिहास

थंडी केव्हा जाते, या प्रश्नाला मराठीत दोन ठाम उत्तरे आहेत. महाशिवरात्रीला ती ‘शिव शिव’ म्हणत निघून जाते, हे एक. होळी जळाली की थंडी पळाली, हे दुसरे. महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीची आणि होळी फाल्गुनी पौर्णिमेची. म्हणजे या दोन उत्तरांत पंधरा-सोळा दिवसांचे अंतर आहे. एकाच भाषेने, एकाच गोष्टीविषयी, दोन वेगळ्या तिथी इतक्या निःशंकपणे सांगाव्यात, यात नुसती लोकोक्तीची गंमत नाही. या पंधरवड्यात हवामान कोणाच्याच शब्दाला जागत नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्या विसंगतीमागे आहे. प्रस्तुत लेखात या पंधरवड्याचा आणि त्याच्या आगेमागे पसरलेल्या अस्थिर, गारठलेल्या दिवसांचा खानदेशापुरता विचार करायचा आहे.

खानदेशाची ओळख उन्हाळ्याची. भुसावळचा मे महिन्यातला पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो, हे साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. पण भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या ठिकाणी माघ-फाल्गुन काढलेल्या माणसाला दुसरे खानदेश ठाऊक असते. दीपनगर ही औष्णिक विद्युत केंद्राभोवती गेल्या साठेक वर्षांत वसलेली वसाहत; जेम्स कॅम्बेलच्या संपादनाखाली १८८० साली निघालेल्या खानदेश गॅझेटियरच्या वेळी ती नव्हतीच. तिच्या आसमंतातला हा ऋतू मात्र जुनाच. पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास, दुपारी तो तिशीपलीकडे. सातपुड्याकडून येणारा कोरडा गार वारा एकाएकी पडतो, दोन दिवस मळभ दाटते आणि तिसऱ्या दिवशी विजा चमकून गारा कोसळतात. शेतात तेव्हा गहू, हरभरा आणि दादर कापणीला आलेली असते, आंबा मोहोरलेला असतो आणि तापीकाठच्या केळीबागांत घड लोंबत असतात. वर्षाची कमाई उघड्यावर असते, नेमकी तेव्हाच.

पंचांगात या दिवसांचे नाव शिशिर. माघ-फाल्गुन म्हणजे शिशिर आणि चैत्र-वैशाख म्हणजे वसंत, ही आपली शालेय घोकंपट्टी. पण तेच पंचांग माघ शुद्ध पंचमीला वसंतपंचमी म्हणते. शिवाय सौर गणनेने वसंत ऋतूचा प्रारंभ १८ किंवा १९ फेब्रुवारीला होतो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तशी नोंदही असते. म्हणजे वसंत तीन वेळा सुरू होतो : एकदा वसंतपंचमीला, एकदा सौरमानाने, एकदा पाडव्याला. पहिल्या आणि शेवटच्या आरंभात जवळजवळ दोन महिन्यांचे अंतर पडते. त्यात चांद्र तिथी स्वतःच मागेपुढे सरकतात. २०२३ साली महाशिवरात्र १८ फेब्रुवारीला होती, २०२४ साली ८ मार्चला. थंडीला ही अधिकमासाची भानगड ठाऊक नसते.

शेतकऱ्याने या अडचणीतून पावसाळ्यापुरता मार्ग काढला होता. पाऊस तो चांद्र महिन्यांनी न मोजता सूर्यनक्षत्रांनी मोजतो. मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, पुढे मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. प्रत्येकाला वाहन : कोल्हा, बेडूक, म्हैस, हत्ती. प्रत्येकाचा स्वभाव आणि प्रत्येकाची म्हण. आपल्या भाषेतल्या सर्वांत नेमक्या शब्दव्यवस्थांपैकी ही एक आहे. खानदेशातल्या केळीलाही तिने नाव दिले : जून-जुलैमध्ये लावलेली ती मृगबाग. पण ही व्यवस्था परतीच्या पावसाबरोबर संपते. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सूर्य शततारका नक्षत्रात असतो आणि मार्चच्या आरंभी पूर्वाभाद्रपदेत जातो. तरी त्या दिवसांत कोसळलेल्या पावसाला ‘शततारकेचा पाऊस’ असे कोणी म्हणत नाही. त्याला वाहन नाही. त्याला आपण म्हणतो ‘अवकाळी’.

हा शब्द जरा थांबून पाहण्यासारखा आहे. त्यात पावसाचे वर्णन नाही. पावसावर ठपका आहे. जो यायला नको होता, ज्याला काळाच्या रांगेत जागा नाही, तो अवकाळी. पण हा पाऊस खरोखर इतका अनपेक्षित आहे का? भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळाभर पूर्वेकडे सरकत असतात. उत्तर हिंदुस्थानातला गहू त्यांच्याच पावसावर पोसतो. त्यांचा प्रभाव कधी दक्षिणेकडे उतरतो आणि वरच्या थरातल्या त्या थंड हवेखाली अरबी समुद्रावरून किंवा बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा सापडते. खाली तापू लागलेली जमीन, मध्ये बाष्प, वर थंडी : गारा तयार व्हायला एवढे पुरते. म्हणजे हा अपघात नसून दोन ऋतूंच्या सांध्याचा स्वभाव आहे. दरसाल येत नाही, पण नेहमी येऊ शकतो.

उत्तरेच्या शेजाऱ्यांनी त्याला नावही दिले आहे. निमाड-माळव्यात हिवाळ्यातल्या पावसाला ‘मावठा’ म्हणतात, गुजरातीत ‘मावठुं’. या शब्दांचे मूळ माघ महिन्याशी जोडले जाते. सातपुड्यापलीकडे ज्या पावसाला महिन्याचे नाव आहे, तोच पाऊस अलीकडे प्रमाण मराठीत आला की बेवारस होतो. समुद्राने वेढलेल्या देशांत तर असल्या लहरी, गारठलेल्या आरंभीच्या वसंताचे शब्दभांडार फार संपन्न. जपानी भाषेत वसंताच्या पहिल्या जोरदार दक्षिणी वाऱ्याला ‘हारु-इचिबान’ म्हणतात आणि चेरी फुललेली असताना परतून येणाऱ्या थंडीला ‘हानाबिए’, म्हणजे फुलांचा गारठा. हायकूच्या परंपरेत असे शब्द ऋतुसूचक म्हणून मान्य आहेत. फ्रेंचांना मार्चमधल्या आकस्मिक सरींसाठी ‘जिबुले’ आहे, इंग्रजांना काटेरी झुडपांच्या पांढऱ्या बहरात पडणाऱ्या थंडीसाठी ‘ब्लॅकथॉर्न विंटर’. या भाषांनी सांध्यालाच ऋतू मानले. आपण सहा ऋतूंचे सहा कप्पे केले आणि सांध्यावर घडणारे सारे कप्प्याबाहेर ठेवले.

कप्प्यांची ही सवय वाङ्मयाने लावली, असे म्हणायला जागा आहे. कालिदासाच्या नावावर असलेले ‘ऋतुसंहार’ ग्रीष्मापासून सुरू होऊन वसंताशी संपते; सहा सर्ग, सहा ऋतू. शिशिराचा सर्ग मिटला की वसंताचा उघडतो, मध्ये पान कोरे नाही. पुढच्या काव्यपरंपरेने वसंत म्हणजे मलयानिल, कोकिळा आणि आम्रमंजरी हे समीकरण पक्के केले. मंजरीवर गार पडली तर काय, हा प्रश्न त्या समीकरणात बसत नव्हता.

पण आपल्याच मातीत दुसरी परंपराही होती. सातवाहन राजा हाल याच्या नावाशी जोडलेल्या ‘गाथासप्तशती’त एक गाथा आहे : माघातल्या थंडीत एक शेतकरी आपले पांघरूण देऊन बैल घेतो, कारण पत्नीच्या देहाची ऊब त्याला धूर नसलेल्या विस्तवासारखी पुरेशी वाटते. गाथा शृंगाराची म्हणून वाचली जाते, आणि ती तशी आहेही. पण तिच्यात एक हिशेबही आहे. पांघरुणाची गरज संपलेली नाही, बैलाची गरज मात्र टळणारी नाही; थंडी अंगावर घेऊन शेतकरी पुढच्या हंगामाची बेगमी करतो. माघ महिना येथे सजावट म्हणून आलेला नाही, तो व्यवहारातला एक पक्षकार आहे. महाराष्ट्री प्राकृतातली ही दृष्टी मराठी ऋतुकवितेने जपली असती, तर तिचा चेहरा वेगळा झाला असता.

खानदेशाने मराठीला निसर्गाचे दोन मोठे कवी दिले. त्र्यंबक बापूजी ठोमरे १८९० साली धरणगावला जन्मले. १९०७ साली जळगावला भरलेल्या कविसंमेलनात डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. १९१८ साली जळगाव-भुसावळ मार्गावरच्या भादली स्थानकाजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. आयुष्याचा बराच भाग खानदेशात गेलेल्या या कवीचा जनमानसातला ऋतू मात्र श्रावण. ऊन-पावसाचा लपंडाव त्यात आहे, पण तो हिरवळीवरचा, निर्धास्त लपंडाव आहे. कापणीला आलेल्या गव्हावरचे ढग पाहणारी नजर ती नव्हे.

बहिणाबाई चौधरींकडे ही नजर आहे. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्याला जन्मलेल्या आणि १९५१ साली निधन पावलेल्या या कवयित्रीची गाणी १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाली. त्यांच्या कवितांची शीर्षके पाहा : पेरनी, कापनी, रगडनी, उपननी. वर्षाचे विभाजन येथे कामांनी होते, ऋतूंनी नव्हे. उफणणीच्या वेळी वाऱ्याला साद घालावी लागते, कारण वारा नसेल तर दाणा आणि भूस वेगळे होणार नाहीत. मलयानिल आणि हा वारा एकाच सुमाराचे; पण एक विरहिणीला जाळतो आणि दुसरा खळ्यावर मजुरासारखा राबतो. बालकवी आणि बहिणाबाई यांच्यातला फरक सांगताना आपण सुशिक्षित-अशिक्षित, प्रमाण-बोली अशा जोड्या लावतो. ऋतूकडे पाहण्याची रीत हा फरकाचा तितकाच महत्त्वाचा मुद्दा आहे आणि अध्यापनात तो बहुधा निसटतो.

वाङ्मयाने नाव दिले नाही, तर राज्यकर्त्यांनी तरी दिले काय? जुन्या कागदपत्रांची भाषा संकटांची विभागणी ‘अस्मानी’ आणि ‘सुलतानी’ अशी करते. अस्मानीत अवर्षणापासून गारांपर्यंत सगळे येते. ही विभागणी ढोबळ असली, तरी आकाशाचे संकट हे सूट मागण्याचे रास्त कारण असल्याची कबुली तिच्यात होती. १८१८ नंतर खानदेशात इंग्रजी अंमल आला आणि पुढे मुंबई इलाख्याच्या पद्धतीने जमिनीची मोजणी होऊन दीर्घ मुदतीचा सारा ठरू लागला. चांगल्या-वाईट वर्षांची सरासरी दरात धरलेलीच आहे, तेव्हा एखाद्या वाईट वर्षाने दर बदलायचे कारण नाही, हे तिचे तत्त्व. १८५२ साली सावदा, रावेर, चोपडा, एरंडोल या भागांत मोजणीविरुद्ध लोक उठले आणि सरकारला लष्कर आणावे लागले. त्या उठावाचे कारण गारपीट नव्हते. पण हवामान सरासरीत बसते असे मानणारी व्यवस्था लोकांवर कशी लादली गेली, याची ती ठळक खूण आहे.

गारपिटीचे वैर नेमके सरासरीशी आहे. दुष्काळ तालुकाभर पडतो. गार पट्ट्यात पडते. एका बांधाच्या अलीकडचा हरभरा झोपतो आणि पलीकडचा उभा राहतो. आणेवारी, पुढची पैसेवारी, ही गावाच्या पिकाचा अंदाज करते. त्यात पट्टा हरवतो. आजही प्रश्न सुटलेला नाही, त्याचे रूप बदलले आहे. आपत्तींच्या केंद्रीय यादीत गारपीट आहे, शीतलहर आहे. ‘अवेळी पाऊस’ मात्र राज्याला स्वतःच्या यादीत वेगळा घालावा लागला. केळीच्या हवामानाधारित विम्यात कमी तापमान आणि वारा महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरतात. केंद्र एका गावात आणि बाग दुसऱ्या गावात असते. गारेचे नुकसान तर शेतकऱ्याने स्वतः मुदतीत कळवायचे आणि मग पंचनामा व्हायचा. या ऋतूचे मराठीतले सर्वांत विपुल लेखन कोणते, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर हेच : पंचनामे. गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, टक्केवारी, पंचांच्या सह्या.

२०१४ साली महाशिवरात्र २७ फेब्रुवारीला आणि होळी १६ मार्चला होती. त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ आणि उत्तर महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा गारपीट झाली. दोन म्हणींच्या मधला पंधरवडा जणू कोणी आखून दाखवला. पुढच्याही अनेक वर्षी हे दिवस असेच गेले. २०२३ साली होळीच्याच सुमाराला धुळे, नंदुरबार, जळगाव भागांत पीक आडवे झाले. वृत्तपत्रांनी प्रत्येक वेळी ‘अवकाळीचा तडाखा’ हाच मथळा दिला. जे वारंवार घडते त्याला आपण दरवेळी अवेळी म्हणतो, तेव्हा चूक आकाशाची राहत नाही, वेळापत्रकाची ठरते.

शब्द बदलल्याने गार थांबणार नाही, हे उघड आहे. परंतु मृगाला नाव होते म्हणून मृगाची तयारी होती : बियाणे, औत, म्हणी, आडाखे, कविता. ज्याला नाव नाही त्याची तयारीही होत नाही, फक्त भरपाई होते. दुर्गा भागवतांनी ‘ऋतुचक्र’ लिहिताना ऋतूंऐवजी महिन्यांची वाट धरली, त्यामागचे शहाणपण आज अधिक जाणवते. महिना ऋतूपेक्षा लहान आणि म्हणून अनुभवाला जवळचा. त्याहून लहान असा हा शिवरात्र ते होळीचा पंधरवडा खानदेशाच्या बोलींत, ओव्यांत, सालदारांच्या आणि बागवानांच्या बोलण्यात कोणत्या शब्दांनी वावरतो, हे टिपून घेणे मराठीच्या विद्यार्थ्यांना अशक्य नाही. अहिराणी, लेवा गणबोली आणि पावरी बोलणारी वडीलधारी माणसे अजून आहेत. पंचनाम्यात बसत नाही ते त्यांच्याकडून मिळेल.