पिशवीचे दुखणे आणि कोयत्याची मजुरी

कर्करोगाचा इतिहास सांगायला एखादा डॉक्टर उभा राहिला असता, तर त्याने सूक्ष्मदर्शकापासून आरंभ केला असता. मी कामगार संघटनेतला माणूस. शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कचेरीतल्या कपाटातल्या पुस्तकांवर आणि लोकांच्या तोंडून झाले. हजेरीपटावर कोणाचे नाव चढते, कोणाचे चढत नाही, आणि चढल्यावर त्याच्या पदरात काय पडते, एवढे पाहण्याची सवय ह्या कामाने लावली आहे. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, ज्याला आपल्या बाया 'पिशवीचा कॅन्सर' म्हणतात, त्याचा इतिहास ह्या सवयीने वाचला तर तो पुष्कळच निराळा दिसतो.

ह्या रोगाचे पहिले महत्त्वाचे ज्ञान दवाखान्यातून आलेच नाही. ते मृत्यूच्या वह्यांतून आले. इटलीतल्या वेरोना शहरातील 1760 ते 1839 पर्यंतच्या मृत्यूंच्या नोंदी रिगोनी-स्टर्न नावाच्या वैद्याने तपासल्या आणि 1842 मध्ये आपला निष्कर्ष मांडला. गर्भाशयाचा कर्करोग लग्न झालेल्या बायकांत आणि विधवांत अधिक, मठात राहणाऱ्या जोगिणींत फार थोडा. स्तनाच्या कर्करोगाचे मात्र तसे नव्हते. कारण काय ते त्याला उमगणे शक्य नव्हते. ते कळायला 1983 साल उजाडले. जर्मनीच्या हाराल्ड त्सुर हाउझेन ह्यांनी ह्या रोगाच्या मुळाशी असलेला विषाणू दाखवला आणि 2008 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू शरीरसंबंधातून येतो आणि तो इतका सर्वसाधारण आहे, की ज्या बाईने नवऱ्यावाचून दुसरा पुरुष पाहिला नाही तिलाही तो नवऱ्याकडून मिळतो. बहुतेकींच्या अंगातून तो वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकतो त्यांतल्या काहींना पुढे दहा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. म्हणजे निसर्गाने तपासणीला भरपूर मुदत दिली आहे. तरीही रोगाचे नाव काढले की संशयाची नजर बाईच्याच चालचलणुकीवर जाते, नवऱ्याकडे कोणी पाहत नाही. म्हणून अंगावर जात असले, तरी ती बोलत नाही.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. लेडी मेहेरबाई टाटा 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्या घराण्याला विलायतेतले उपचार परवडत होते. ज्यांना परवडत नव्हते त्यांच्यासाठी देशात फारसे काही नव्हते. टाटांच्या विश्वस्त निधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला रुग्णालय उघडले, ते गिरणगावाच्या ऐन मध्यावर. पुढे 1957 मध्ये ते केंद्र सरकारकडे आणि 1962 मध्ये अणुऊर्जा खात्याकडे गेले. डॉ. दाराब जस्सावाला ह्यांच्या पुढाकाराने 1963 मध्ये मुंबईत कर्करोगाचे नोंदणीपुस्तक सुरू झाले. सगळ्या शहराची लोकसंख्या हिशेबात धरणारे हे देशातले पहिलेच पुस्तक. पारशी बायकांत स्तनाचा कर्करोग अधिक आणि गर्भाशयमुखाचा कमी, तर हिंदू बायकांत गर्भाशयमुखाचा अधिक, असे त्यातून दिसले. एकाच शहरात, एकाच हवापाण्यात राहणाऱ्या बायकांचे रोगही त्यांच्या घरांप्रमाणे वेगळाले निघाले. पण हे शहराचे पुस्तक होते. ज्या खेड्यांतून गिरणीकामगार आले, त्या खेड्यांतल्या बाया कशाने मरतात हे तेव्हा कोणाच्याही वहीत नव्हते.

ती वही बार्शीत उघडली गेली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि शेजारचे परांडा व भूम अशा तीन तालुक्यांतील 346 गावांसाठी 1987 मध्ये ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भारतातली ही पहिली खेड्यांची नोंदणी. शहरात नोंदणीचा कारकून रुग्णालये फिरतो, केसपेपर उतरवून घेतो, आणि काम होते. इथे उतरवायला केसपेपरच नव्हते, कारण दुखणेकरी दवाखान्यात पोचतच नव्हते. तेव्हा नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, पारावर बसले, घरोघर विचारीत फिरले, कोणत्या खुणा दिसल्या तर दाखवायला यावे हे सांगत राहिले आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयात आणीत राहिले. काही वर्षांतच असे आढळले, की गर्भाशयमुखाचा कर्करोग घेऊन येणाऱ्या बायकांत आधीच्या, बऱ्या होण्याजोग्या टप्प्यातल्या बायकांचे प्रमाण वाढले आहे. नवे यंत्र आले नव्हते, नवे औषधही नव्हते. कोणीतरी घरी येऊन विचारले, इतकाच काय तो फरक होता. माझ्या मते आपल्या आरोग्याच्या इतिहासातले हे एक फार मोठे पान आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ते अजून आलेले नाही.

ह्याच पायावर पुढचे मोठे काम उभे राहिले. तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 मध्ये एक अभ्यास सुरू झाला. फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा रुग्णालय आणि बार्शीचे रुग्णालय असे तिघे त्यात होते. तीस ते एकोणसाठ वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट. काही गटांत विषाणूची चाचणी, काहींत पेशींची, काहींत व्हिनेगरसारखे सौम्य अम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणे. आणि काही गट नुसते तुलनेसाठी. 2009 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आयुष्यात एकदाच केलेल्या विषाणूच्या चाचणीने ह्या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. चाचणी झालेल्या 34,126 बायकांत 34 मृत्यू, तुलनेच्या 31,488 बायकांत 64.

ह्या 64 बायकांपाशी मी थांबतो. त्यांच्यावर कोणी अन्याय केला असे शास्त्रज्ञांना वाटले नाही. देशात तपासणीची सोयच नाही, तेव्हा सोय नसणे हीच इथली रीत, आणि रीतीप्रमाणे तुलना केली, असे त्यांचे म्हणणे होते. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 1998 पासून असाच दुसरा अभ्यास चालला. तिथे दहावी झालेल्या मुलींना शिकवून त्यांच्याकडून व्हिनेगरची तपासणी करविली, आणि पुन्हापुन्हा केलेल्या तपासणीने मृत्यू 31 टक्क्यांनी घटले, हे 2013 मध्ये जाहीर झाले. तिथेही सुमारे 76,000 बायका तुलनेच्या बाजूला होत्या. अमेरिकेतील काही डॉक्टरांनी ह्यावर टीका केली. त्या टीकेला उत्तरेही दिली गेली, आणि तपासणी झालेल्या बायकांचे जीव ह्या कामाने वाचले हे मला नाकारायचे नाही. पण 'इथली रीत' हा शब्द मला ओळखीचा आहे. मजुरी कमी का, असे मालकाला विचारले की तोही हेच सांगतो.

निकाल हाती आला, तो आपल्याच मातीतून. मग काय झाले? 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या निघाल्या अवघ्या 1.9 टक्के. 2022 च्या जागतिक अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख बायकांना हा रोग जडतो आणि सुमारे 80,000 मरतात.

आणि शेजारच्याच बीड जिल्ह्यात काय चालले होते ते 2019 मध्ये उघडे झाले. ऊसतोडणीला जाणाऱ्या 82,309 बायकांची सरकारने पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहा बायकांमागे एक, आणि कित्येक चाळिशीच्या आतल्या. सगळ्या देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण 2015-16 मध्ये 3.2 टक्के होते. आपल्याला काय सांगितले गेले, हे ह्या बायकांनी चौकशीत आणि वर्तमानपत्रांपुढे बोलून दाखवले आहे. पांढरे जाते, पोट दुखते म्हणून गेले, तर 'पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल' असे उत्तर मिळाले. मला परळी भागातली एक बाई म्हणाली, "दादा, दोन लेकरं झाली होती, पिशवीचं काय काम उरलं होतं? डाक्टर म्हणला काढ, मुकादम म्हणला उचल वाढवून देतो, काढून टाकली." डॉक्टर कोण, ते मी विचारले नाही, नाव सांगायला ती तयारही नव्हती.

हा मुकादम मध्येच कोठून आला, हे शहरी श्रोत्यांना सांगितले पाहिजे. ऊसतोडणीत मजूर मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी उचल मिळते ती कोयत्याला, बहुधा नवऱ्याच्या हातात. ती फिटेपर्यंत दोघांनी राबायचे. एकाने दांडी मारली तर कोयता मोडतो आणि खाडा लागतो, दिवसाला पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. पाळीच्या दिवसांत आंघोळीला आडोसा नाही, पाणी नाही. अशा बाईला पिशवी काढणे म्हणजे महिन्याचे तीन-चार खाडे वाचवणे वाटले तर त्यात तिचा वेडेपणा नाही. तो हिशेब आहे, आणि तिच्या हाती असलेल्या आकड्यांवरून तो बरोबरही आहे. चुकीचे आहेत ते आकडे. कर्करोगाची भीती खरी होती, पण तिच्यासाठी तपासणी कोणी आणली नाही. शस्त्रक्रिया मात्र कर्ज काढून मिळाली. अंडाशयही काढले गेले असेल, तर कमी वयात पाळी कायमची थांबते, हाडे ठिसूळ होतात, आणि मोळी उचलण्याची ताकदच जाते. म्हणजे हिशेब शेवटी तिच्यावरच उलटतो.

कायदा ह्या बाईला कसा चुकवतो तेही पाहू. 1948 च्या राज्य विमा कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला उपचार दिले, आणि पुढे त्याच्या कुटुंबालाही. विमेदार कामगाराला स्वतःला कर्करोग झाला तर लांबलेल्या आजारपणात मजुरीच्या 80 टक्क्यांपर्यंत पैसे मिळण्याची तरतूदही झाली. चांगली गोष्ट आहे; ती आपल्या लढ्यांचीच मिळकत. पण रोग त्याच्या बायकोला झाला तर औषध मिळते, मजुरी मिळत नाही, कारण तिची मजुरी कोठे लिहिलेलीच नाही. ह्या रोगाचे किरण देतात ते आठवड्यातून पाच दिवस, पाच आठवडे, आणि वर आतून द्यायचे वेगळे. तिच्याबरोबर राहणाऱ्या नवऱ्याचा रोज बुडतो तो बुडतोच. दिल्लीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात 2016 मध्ये आलेल्या बाह्यरुग्णांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणाचे आणि मुलांचे विभाग वगळून बाईमागे पुरुष 1.69, आणि बिहारसारख्या दूरच्या मुलखातून येणाऱ्यांत हे अंतर आणखी मोठे. दुखणे बाईला कमी होते म्हणून काही हे घडत नाही. तिच्यासाठी गाडीचे दुहेरी तिकीट निघत नाही.

हे झाले विमेदाराच्या बायकोचे. ऊसतोडीची बाई तर त्याही दाराबाहेर. त्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आणि त्या यादीत साखर कारखाना नाव घेऊन घातला. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखान्याचा अपवाद कायम राहिला. राज्याच्या जीवनदायी योजनेतून, आणि 2017 पासून महात्मा फुल्यांच्या नावाने चाललेल्या योजनेतून, शस्त्रक्रिया व किरणोपचार फुकट मिळू लागले, हे खरे. पण ती मदत रोग झाल्यानंतरची. बुडालेल्या दिवसांची भरपाई तीत नाही. पुण्यात तयार झालेल्या देशी लशीला 2022 मध्ये परवानगी मिळाली. तिचा फायदा आज नऊ-दहा वर्षांच्या असलेल्या मुलींना. त्यांच्या आया तोडीवर आहेत, आणि त्यांना तपासणीच हवी.

जानेवारी 2024 मध्ये पुण्यात तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. वाटाघाटीत दर आणि मुकादमाचे कमिशन ह्यांवर खल झाला, आणि दर वाढलाच पाहिजे होता. पण करारात दोन ओळी आणखी घालता येण्यासारख्या आहेत: तपासणीच्या दिवसाचा खाडा धरला जाणार नाही, आणि बाईच्या नावाची नोंद नवऱ्याहून वेगळी होईल. टोळ्या दसऱ्यानंतर गाव सोडतात. त्याआधीचे पंधरा दिवस उचलीचे, सामान बांधण्याचे. बाई तेव्हा घरी असते आणि आशाताई तिला नावाने ओळखते. बार्शीचे कार्यकर्ते पारावर जाऊन बसले, तसे जाऊन बसायचे ते ह्याच पंधरा दिवसांत. दिवाळी झाली की ती कोणत्या फडावर आहे हे फक्त मुकादमाला ठाऊक असते.